नगरला चुना कोणी लावला?

सांगू की नको, असं करत बरेच दिवस काढले. पण आता अख्ख्या सावेडीला कळलंय, तर मी एकटीनंच तोंड दाबून का बसू? आमच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, ज्यांच्या चपलांच्या आवाजानं आठवी ब चिडीचूप व्हायची, त्या मागे एकदा सकाळी साडेसातला प्रेमदान चौकाजवळ पानटपरीवर उभ्या होत्या. रस्ता ओलांडायला थांबल्या असतील म्हणाल, तर छे. फळीला हात टेकून, चक्क गिऱ्हाईक म्हणून! टपरीवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं आधी तोंड मोकळं केलं, मग हात जोडले आणि घाबरत विचारलं, "बाई, तुम्हाला बी?"

"मला चुना दे. नुसता," बाई म्हणाल्या.

नुसता! पान नाही, कात नाही, सुपारीचं खांड नाही. पान खाल्लं असतं तर रंगलेल्या ओठांवर दोन दिवस बरी चर्चा झाली असती. नुसता चुना मागणाऱ्या बाईमाणसाबद्दल काय बोलावं, याची आमच्या भिशीला सवयच नव्हती. मग चौकशी झाली आणि जे निघालं ते भयंकर होतं. भिशीत आम्ही अकरा जणी. त्यांतल्या सात जणींच्या पर्समध्ये चुन्याची डबी! एकीनं तर ती कुंकवाच्या करंड्यात लपवलेली. कृती सगळ्यांची एकच: गव्हाच्या दाण्याएवढा चुना, वाटीभर दह्यात कालवून, सकाळी उपाशीपोटी. कारणही एकच. चुना म्हणजे कॅल्शियम, हाडं म्हणजे कॅल्शियम, मग मधे डॉक्टर कशाला?

तर्क बिनतोड आहे. याच तर्कानं माळीवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चाटल्या तरी चालायला हवं.

मी काही गणिताची बाई नाही, पण हिशेब मांडून पाहिला. गव्हाचा दाणा भरतो साधारण 40 मिलिग्रॅम. तेवढा चुना अगदी कोरडा धरला तरी त्यात कॅल्शियम वीस-बावीस मिलिग्रॅम. डबीतला चुना ओला, त्यात पाणीच बरंचसं. म्हणजे राहिले दहा-बारा. बाईमाणसाला दिवसाला लागतं हजार मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर थोडं जास्तच. आणि ज्या वाटीभर दह्यात हा दाणा कालवतात, त्या दह्यातच दीडशेच्या आसपास कॅल्शियम असतं. म्हणजे राबतंय दही आणि पाठ थोपटून घेतोय चुना. 'चुना लावणं' हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगीच नाही पडला.

हे सगळं सुरू झालं शिबिरातून. 20 ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या सुमारास आमच्याकडे एका मंगल कार्यालयात 'मोफत हाडांची तपासणी' झाली. सरकारी कागदावर आम्ही आता अहिल्यानगरकर असलो तरी फुकटच्या रांगेत अजून अस्सल नगरकरच असतो. पाय एका डब्यात घालायचा, टाचेला गार जेल लावायची, मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा, तांबडा पट्टा आणि एक आकडा. आकड्याआधी उणे चिन्ह. झालं! पूर्वी भिशीत विचारायचे, "मुलाला किती टक्के पडले?" आता विचारतात, "तुझा किती?" "माझा उणे एक पॉइंट नऊ." "अय्या, माझा उणे दोन पॉइंट सात!" यात दुःख कुणाचं मोठं आणि मान कुणाचा मोठा, काही कळेना. उणे दोन पॉइंट सातवाली मात्र त्या दिवसापासून सोफ्यावर मधोमध बसायला लागली. हात धरून उठवायचं काम आमच्याकडे.

तर या आकड्याला म्हणतात टी-स्कोअर. धडधाकट तरुण बाईच्या हाडाशी आपल्या हाडाची केलेली तुलना. उणे एकपर्यंत ठीक. उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. मधल्या पट्ट्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1994 साली ओढली, पण ती डेक्सा नावाच्या तपासणीसाठी. त्यात पलंगावर झोपवून कमरेचे मणके आणि खुबा अगदी थोड्याशा क्ष-किरणांनी बघतात. टाचेचं यंत्र चालतं ध्वनिलहरींवर. ते फार तर एवढंच सांगू शकतं की बाई, एकदा नीट तपासून घ्या. आमच्या भिशीनं त्या चिठ्ठीलाच निकालपत्र मानलं. अकरा जणींपैकी डेक्सा केला तिघींनी, त्यात मी एक. उरलेल्या आठ जणींनी उपाय आधी सुरू केले, आजार आहे का ते नंतर बघू म्हणाल्या.

आता ऐका उपायांची वरात.

पहिली घोड्यावर बसली नाचणी. नगर जिल्हा बाजरी-ज्वारीचा. माझ्या सासूबाईंच्या लेखी नाचणी म्हणजे 'तिकडची': अकोल्याच्या डोंगरातली, भंडारदऱ्याच्या पावसातली, आदिवासींच्या ताटातली. व्याह्यांच्या पानात नाचणीची भाकरी वाढली असती तर सोयरीक मोडली असती. तीच नाचणी आता 'रागी' असं नाव लावून, चकचकीत पाकीट नेसून सावेडीत आली आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे वर्षानुवर्षं गावरान बियाणं जपत होत्या, तेव्हा आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आम्हाला आठवलं की अकोले आपल्याच जिल्ह्यात आहे!

नाचणीची गंमत अशी की तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंच खरं आहे. 100 ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम. बाजरीत याच्या आठव्या हिश्श्याइतकंही नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा ताटात पडतो, भले त्यातलं सगळं अंगी लागत नसेल. पण भाकरी थापायची कुणी? भिशीत आली ती नाचणीची बिस्किटं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: मैदा, साखर, तेल, आणि मग शेवटाजवळ कुठेतरी नाचणी, लग्नात लांबच्या नातेवाइकाला फोटोत उभं करतात तशी.

मग शेवगा. दारातल्या झाडाचा पाला फुकट. पण तो कोण खुडणार? म्हणून वाळवलेल्या पाल्याची पावडर, डबीवर लिहिलेलं 'दुधाच्या सतरापट कॅल्शियम'. हिशेब खोटा नाही, फक्त चलाख आहे. वाळलेल्या पाल्याची तुलना पातळ दुधाशी, तीही वजनाला वजन. पेलाभर दूध माणूस पितो. पेलाभर पाल्याची पावडर कोण खातो? चमचाभर पावडरीत अर्धा पेला दुधाइतकं कॅल्शियम निघतं. वाईट नाही, पण त्यासाठी एवढे पैसे मोजायचे तर आमच्या दूधवाल्यानं काय घोडं मारलंय?

कांडवेल तर बाल्कनीबाल्कनीत लोंबायला लागली. चौधारी, कांड्याकांड्यांची, हाडजोडी म्हणतात तिला, आयुर्वेदात अस्थिसंहार. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हाडांवर तिचे परिणाम दिसले आहेत, माणसांवरचे प्रयोग मोजके आणि लहान. आमच्यातल्या अक्कांनी एवढं थांबणं शक्यच नव्हतं. तुपात परतून, चिंच घालून खायची असते ती वेल. अक्कांनी कच्चंच कांडं चावलं. तिच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. घसा असा खवखवला की दोन दिवस अक्कांना बोलता येईना. भिशीच्या इतिहासातली ती एकमेव शांत दुपार.

आणि आता जे सांगते ते माझं नाव न घेता पुढे सांगा. आमच्या इमारतीत एक घर असं आहे की जिथे कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर. त्या घरात दर शनिवारी संध्याकाळी झेंडीगेटकडून स्टीलची किटली येते. किटलीत पायाचं सूप! काकांनी शपथ घातली आहे म्हणे, की हे औषध आहे आणि औषधाला सोवळं नसतं. बोन ब्रॉथ असं इंग्रजी नाव घेतलं की पाप अर्धं होतं. घ्या बिचारे, थंडीत छान लागतं. पण उकळलेल्या हाडातून रशात उतरणारं कॅल्शियम आपल्या चहाच्या कपातल्या दुधाशीही बरोबरी करत नाही. धर्म बुडाला तो बुडाला, हाडंही तिथल्या तिथेच.

डिंकाच्या लाडवाबद्दल मी काही बोलणार नाही. अजून दोन महिने थंडी आहे.

उन्हाची भानगड वेगळीच. आमच्याकडची अर्धी मंडळी पहाटे चांदबिबी महालाचा डोंगर चढतात. चालण्यासाठी उत्तमच, पण ती म्हणतात, "कोवळं ऊन घेतो, ड जीवनसत्त्वासाठी." कोवळ्या उन्हावर किती कविता झाल्या असतील, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच. सूर्य डोक्याकडे सरकायला लागला की ते खाली पोचतात. तिरुपतीला याची मोजमापं झाली तेव्हा 11 ते 2 ही वेळ सरस निघाली. ही बातमी मी भिशीत सांगितली, ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी भर बाराला तीन जणी गच्चीवर, बाह्या दंडापर्यंत वर, पोटऱ्या उघड्या, डोक्यावर ओला टॉवेल! शेजारच्या इमारतीतून फोन आले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली: 'गच्ची फक्त वाळवणासाठी.' अक्का म्हणाल्या, "मग आम्ही काय करतोय?"

ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठी पुडी आहे, म्हणजे 60,000 युनिटांची ड जीवनसत्त्वाची सॅशे. डॉक्टर सांगतात आठवड्याला एक, ठराविक आठवडे. आमच्यातल्या एकीला ती दुधात इतकी आवडली की रोज घ्यायला लागली, केशर-बदाम घ्यावं तशी. मळमळ, तहान, बद्धकोष्ठता, मग रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच चढलेलं. जीवनसत्त्वाला 'जीवन' म्हणतात म्हणून ते कितीही घ्यावं, असा तिचा समज.

आता येते खरी खलनायिका. गोळी.

आठवड्यातून एकदाच घ्यायची, अलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅमची. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ना चहा, ना नाश्ता, ना आडवं पडायचं. ताठ बसायचं नाहीतर चालायचं. आता मला सांगा, नगर जिल्ह्यात उठल्यावर अर्धा तास चहाविना ताठ राहू शकणारा एक तरी जीव आहे का? उणे दोन पॉइंट सातवालीनं (तिचा डेक्साही तसाच निघाला) गोळी घेतली ती चहाबरोबर, आणि रविवार होता म्हणून पुन्हा पांघरूण ओढून झोपली. गोळी अन्ननलिकेत चिकटली असणार. छातीत जी आग पडली ती दुपारपर्यंत विझेना. भिशीत निकाल लागला: ॲलोपॅथी गरम पडते!

मग तिनं गोळीच्या डब्यातला कागद आणला. हातरुमालाएवढा, मुंगीच्या अक्षरांत. भिंगातून तो असा वाचला गेला की जणू सत्यनारायणाची पोथी. प्रत्येक अध्यायाला आम्ही 'अरे देवा' म्हणायचं. अध्याय पहिला, जळजळ. अध्याय दुसरा, जबड्याचं हाड कुजतं. अध्याय तिसरा, मांडीचं हाड मोडतं. इथे अक्का उठून उभ्याच राहिल्या. "हाड मोडू नये म्हणून गोळी आणि गोळीनं हाडच मोडतं? हा काय तमाशा?"

तमाशा नाही, आणि खोटंही नाही. म्हणूनच आकडे बघायला हवेत. आधी जळजळ: 1996 साली या गोळीचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधीच मणका मोडलेल्या 2,027 बायका, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी. तीन वर्षांत नवा मणका मोडला तो खोट्या गोळीवाल्यांपैकी 15 टक्के बायकांचा, खऱ्या गोळीवाल्यांपैकी 8 टक्के. खुब्याचं प्रमाण 2.2 टक्क्यांवरून 1.1 वर आलं. आणि पोटाच्या तक्रारी? दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच! म्हणजे नियम पाळून घेतली तर बहुतेकींना गोळी सोसते. चहाबरोबर घेऊन झोपलं तर मात्र कागदावरचा पहिला अध्याय खरा होतो.

जबडा: ठिसूळ हाडांसाठी ही औषधं घेणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक, एवढं हे दुर्मीळ. दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्यावा आणि दाताच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगावं. मांडीचं हाड: यात मात्र आपण कान टवकारायला हवेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ दोन लाख बायकांची पाहणी 2020 मध्ये छापून आली. तिचा हिशेब असा: दहा हजार गोऱ्या बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं तर खुब्याची 149 मोडतोड टळते आणि मांडीची ती विचित्र मोड दोघींना होते. आशियाई बायकांत टळतात 91, होतात 8. म्हणजे आपल्याकडे फायदा थोडा कमी आणि धोका थोडा जास्त. कुठल्याही औषधवाल्यानं हे लपवू नये. पण 91 आणि 8 यांत मोठा आकडा कोणता, हे आठवी ब लासुद्धा सांगता आलं असतं. शिवाय हा धोका वर्षांगणिक वाढतो, म्हणून पाच वर्षांच्या गोळ्यांनंतर, किंवा याच जातीच्या, वर्षातून एकदा लावायच्या सलाइनचे तीन डोस झाल्यावर, डॉक्टर पुन्हा तपासतात आणि बऱ्याच जणींना औषधाला सुट्टी देतात. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत कळ यायला लागली तर ती वातावर ढकलू नये.

आणि ज्या पिवळ्या पट्ट्यातल्या, उणे दीडवाल्या, अजून काही न मोडलेल्या, त्यांतल्या बहुतेकींना या गोळीची गरजच नसते. त्यांनी नाचणी खावी, डोंगर चढावा, खुशाल गच्चीवर बसावं. पण गंमत बघा, आमच्याकडे ज्यांना गरज नाही त्या गोळीच्या भीतीनं गार पडल्यात आणि जिला आहे ती चुना खातेय.

आता कागद नसलेल्या औषधाची गोष्ट. अक्कांना कुणीतरी एका पुडीवाल्याकडे नेलं. गाव सांगत नाही, नाहीतर उद्या तिथे रांग लागेल. खाकी कागदाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून, 'शुद्ध जडीबुटी, साईड इफेक्ट झिरो'. पुडीत काय, विचारलं तर "परंपरा आहे." आठवड्यात चमत्कार! पाठीची कळ गेली, गुडघे मोकळे झाले, भूक अशी लागली की अक्का जेवणाच्या पंगतीत दोनदा बसल्या. महिनाभरात चेहरा गोल गरगरीत झाला, गालावर लाली आली. भिशीतल्या बायका मत्सरानं जळल्या. "काय तेज चढलंय बाई तोंडावर!"

तेजाचं नाव निघालं स्टिरॉइड. त्यांचा भाचा डॉक्टर, सुट्टीत आला, त्यानं मावशीचा चेहरा पाहूनच विचारलं, "काय खातेस तू?" रक्तात साखर चढलेली, दाब चढलेला. सांधेदुखीच्या अशा बेनामी पुड्यांत स्टिरॉइड कुटून घालण्याचा उद्योग आपल्या देशात जुना आहे. फरक लगेच पडतो तो त्यामुळेच. आणि आता हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा: औषधांमुळे हाडं ठिसूळ होण्याचं जगातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दीर्घकाळ घेतलेलं स्टिरॉइड. हाड वाचवायला ॲलोपॅथीची गोळी टाळली, आणि हाड खाणारं ॲलोपॅथीचंच औषध मधातून चाटलं! ते एकदम बंदही करता येत नाही, अंगाला सवय झालेली असते. भाच्यानं हळूहळू उतरवलं. गोळीवर हातरुमालाएवढा कागद होता, कारण कुणीतरी हजारो बायकांना विचारून, मोजून तो लिहिला होता. पुडीला कागद नव्हता, म्हणून अक्कांनी समजून घेतलं की तिला दोषही नाहीत. आयुर्वेदाची पदवी घेतलेले वैद्यसुद्धा या पुडीवाल्यांच्या नावानं बोटं मोडतात, ते उगीच नाही.

शेक देणाऱ्या गरम पलंगांच्या मोफत केंद्रांचं एका वाक्यात उरकते: फुकट झोपायला मिळतं, गप्पा होतात, हाडाला काही होत नाही, आणि महिन्याभरानं कुणाच्या तरी मुलाला लाखाच्या घरातला पलंग विकत घ्यावा लागतो.

पण मला खरं टोचतं ते दुसरंच. आमचा जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहाता, राहुरी, कुठेही पहाटे जा, डेअरीपुढे कॅनांची रांग असते आणि टँकर पुण्या-मुंबईकडे निघतात. ज्या बाईनं चार वाजता उठून गाईची धार काढली, तिच्या चहात किती दूध पडतं ते एकदा जाऊन बघा. रंग बदलण्यापुरतं. तिला शेवग्याची पावडर विकायला कुणी जात नाही. आणि पाथर्डी-शेवगावकडच्या, शेजारच्या बीडच्या ऊसतोड बायका. कोयता बुडू नये, खाडा पडू नये म्हणून ऐन तिशीत 'पिशवी' काढून टाकलेल्या. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर बायकांची माहिती घेतली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचं वय बरीच वर्षं अलीकडे येतं आणि हाडांची झीज तेव्हापासून सुरू होते. डोक्यावर उसाची मोळी तशीच. त्यांच्या टाचा कुठल्या मंगल कार्यालयात कुणी डब्यात घातलेल्या मी तरी ऐकलेल्या नाहीत.

बरं, पुन्हा भिशीकडे. योगाचा नवा वर्ग लागलाय. मोठ्या बाई तिथेही पहिल्या रांगेत, पायाचे अंगठे धरायला वाकलेल्या. हाडांवर भार पडेल असा व्यायाम हवाच. चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं, एका पायावर उभं राहायचा सराव. आपल्या आज्यांच्या झिम्मा-फुगड्यांत हे सगळं होतं, पण त्या सोळाव्या-विसाव्या वर्षी घालायच्या. मणका ठिसूळ झाल्यावर कंबरेतून गपकन पुढे वाकणं, पिळे देणं म्हणजे पोकळ झालेल्या मणक्यावर दाब. तो चेपला जाऊ शकतो. शिकवणारीला आपला आकडा आधी सांगावा. तिथे लाजायचं आणि भिशीत मिरवायचं, हे उलटं आहे.

आणि न्हाणीघर! सूप, चुना, वेल सगळं झालं, पण अकरा घरांपैकी नऊ घरांत न्हाणीघराच्या फरशा गुळगुळीत, दाराशी पातळ झालेल्या रबरी चपला, आणि गाऊन घोट्याखाली लोळणारा. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यानंच मोडतं. आणि खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात जातं, हा जगभरचा अनुभव आहे. दांडी बसवायला गवंडी अर्धा दिवस घेतो. डोळ्यातला मोतीबिंदू, रात्रीचा झिरोचा दिवा, झोपेच्या गोळ्या, हे विषय भिशीत कुणाला खमंग वाटत नाहीत, त्याला मी काय करू?

मोठ्या बाईंनी शेवटी डेक्सा केला. उणे तीन पॉइंट एक. आता त्या दर गुरुवारी सकाळी गोळी घेऊन बाल्कनीत अर्धा तास ताठ उभ्या असतात, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहायच्या तशा, आणि खाली दूधवाला आपोआप हळू बोलतो. टपरीवाल्यानं मात्र पाटी लावलीय, 'हाडांसाठी शुद्ध चुना', आणि डबी पाच रुपयांनी महाग केलीय. माझा स्वतःचा आकडा मणक्याचा उणे दोन पॉइंट सहा. मी रविवारी गोळी घेते, इतर दिवशी रात्री नाचणीची भाकरी, आणि दोन्हींचं भांडण अजून माझ्या पोटात झालेलं नाही.

एकच काळजी आहे, ती वरच्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांना सहा महिन्यांतून एकदा पोटावर कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन होतं, डेनोसुमॅब. दोन वर्षं घेतलं, आकडा सुधारला, मग नाचणीवर विश्वास बसला आणि तारीख गुपचूप टाळली. या इंजेक्शनची खोड अशी की ते मधेच सोडलं तर थोपवलेली झीज दुप्पट जोरानं परत येते आणि एकापाठोपाठ मणके चेपू शकतात. सोडायचं असेल तर डॉक्टरांना सांगून, त्याच्या जागी दुसरं औषध लावून सोडायचं. वहिनींचे दोन मणके गेले. पट्टा बांधून बसल्या आहेत, भिशी आता त्यांच्याच घरी भरते. तुमच्या घरात कुणाला हे इंजेक्शन चालू असेल तर आत्ता उठा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, पुढची तारीख लिहून ठेवा.